शोधाची चौकट आणि आपला शब्द

संकेतस्थळावरील शोधाच्या चौकटीत टंकलेला शब्द क्षणात मिळाला नाही, की आपली मुले ‘असा मराठी शब्दच नाही’ असा निकाल देऊन मोकळी होतात. आम्हां शिक्षकांना याचीच चिंता वाटते. कारण चुकलेले असते ते बहुधा लेखन, शब्द नव्हे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. तीत ‘केळें’ असे जुने सानुस्वार रूप आहे. पुढे १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. केवळ अक्षरे जुळविणाऱ्या शोधाला तेवढे टिंबही आडवे येते. शिवाय कोशात मूळ शब्द असतो. ‘पाण्याला’ शोधणाऱ्याने आधी ‘पाणी’पर्यंत पोहोचले पाहिजे. आमच्या माळव्यात हिंदी शाळांत शिकणारी मुले तर ‘पानी’ लिहितात आणि थेट हिंदीच्या अंगणात जाऊन उभी राहतात.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी, की शोध फसला तर मुलाजवळ घटकाभर बसावे, प्रत्यय सोडवावा, ‘न’-‘ण’ आणि ऱ्हस्व-दीर्घ पालटून पाहावे. आजीच्या तोंडचा शब्द कोशात सापडला, की मुलाला तो आपला वाटू लागतो.