फरशी बसवण्याआधी पाणी भरून बघा!

आजचा एपिसोड आमच्या सेलूच्या घराचा. मी पुण्यात कोड लिहितो, आणि तिकडे आई-बाबांचं बाथरूम नि स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं. गुत्तेदार म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, बसवू सगळं." नाही घेतलं. महिनाभरात ओट्यामागची भिंत ओली! नवीकोरी फरशी परत फोडली. खर्च डबल, आणि आई-बाबा आंघोळीला काकांकडे.

म्हणून क्रम पाठच करा. आधी तोडफोड. मग भिंतीतले पाइप आणि वायरिंग. मग पाइपची प्रेशर टेस्ट. मग वॉटरप्रूफिंग. फरशी सगळ्यात शेवटी.

वॉटरप्रूफिंग सुकलं की जाळीचं तोंड बंद करून पाणी भरायचं, पातळीवर खूण करायची आणि किमान 24 तास थांबायचं. पातळी उतरली किंवा पलीकडची भिंत ओलावली, तर फरशी थांबवा. आपण टेस्ट न करता रिलीज करतो का? तसंच हे.

उतार जाळीकडे, मीटरला साधारण 1 सेंटीमीटर. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप, साधा पीव्हीसी नको. ओट्याची उंची आईला उभं करून ठरवा: कोपराच्या 10 ते 15 सेंटीमीटर खाली.

आणि पैसे? रेट नुसत्या मजुरीचा की मालासकट, मलबा कोण उचलणार, हे आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. हप्ते कामाच्या टप्प्यानं द्या. पाण्याची टेस्ट पास, तरच पुढचा हप्ता.

दुसऱ्या वेळी मी सुट्टी काढून स्वतः गेलो. भिंत अजून कोरडी आहे. भेटू पुढच्या एपिसोडला!