आधी दोरी, मग सुई

पशुधन व्यवस्थापनाच्या पदविकेला आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी हातात इंजेक्शन हवं असतं. मिळते दोरी. मोरकी कशी बांधायची, कुठली गाठ जनावरानं ओढल्यावर आवळते आणि कुठली एका झटक्यात सुटते, म्हैस खोड्यात घेताना आपण कुठं उभं राहायचं. मी माण तालुक्यातली, दावणीशेजारीच वाढलेली. पण बैल पाडायची रीत मला कॉलेजात कळली. एक वेढा गळ्याला, एक पुढच्या पायांमागून छातीला, एक मागच्या पायांपुढून पोटाला, आणि दोरी सरळ मागं ओढायची. बैल आपणहून गुडघे टेकतो. गावाकडं यासाठी चार माणसं आणि भरपूर शिव्या लागायच्या.

मग बघायला शिकवतात. गाईचं तापमान साधारण 101.5 अंश फॅरनहाइट. नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगाला लागते. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली की मिनिटाला एक-दोनदा पोट आतून ती उचलतं. ते थांबलं असेल तर मालकाला विचारायचं, रवंथ कधीपासून बंद आहे? औषधाचं नाव यानंतर.

ही पदविका नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे माफसूची. विद्यापीठ 2000 सालचं. परळचं पशुवैद्यकीय कॉलेज मात्र 1886 पासूनचं. पशुवैद्यक व्हायला बारावी, ‘नीट’ परीक्षा आणि पुढं साडेपाच वर्षं. आमची पदविका दहावीनंतरची, माझ्या वेळी दोन वर्षांची. ती केली की पशुधन पर्यवेक्षकाच्या भरतीला बसता येतं, किंवा दूध संघात काम मिळतं.

शिकायला सगळ्यांत जास्त वेळ खातं ते कृत्रिम रेतन. रेतमात्रेची कांडी पाव मिलिलिटरची, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला ठेवलेली. चिमट्यानं काढून 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून कोरडी करायची, कारण पाणी लागलं तर शुक्राणू मरतात. मग टोक कापून रेतनाच्या नळीत, म्हणजे एआय गनमध्ये चढवायची. इथवर डोळ्यांनी दिसतं. पुढचं सगळं न बघता. डावा हात गुदाशयात घालून खाली गर्भाशयमुख चाचपायचं. बोटांना ते कोंबडीच्या मानेसारखं लागतं, टणक आणि गाठीगाठीचं. उजव्या हातानं गन योनिमार्गातून तिथवर न्यायची आणि मग डाव्या हातानं मुखच हलकेच तिच्यावर चढवत आणायचं. आतल्या वळ्या ओलांडून गन मोकळी झाली की तिथंच थांबून रेत सोडायचं. आणखी पुढं रेटली तर गर्भाशयाला इजा होते. पहिला सराव कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयांवर, टेबलावर असतो. जिवंत गाय मात्र शेण टाकते, कळ देते, मनगट इतकं आवळते की बोटं बधिर होतात. ‘पोरीच्या जातीनं हे काम करायचं का?’ असं विचारणारे गावात असतातच. त्यांना सांगते, बारीक हाताचा गाईला त्रास कमी होतो.

हात बसला तरी वेळ चुकली की सगळं फुकट. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाय हंबरते, दुसरीवर उडते, स्वच्छ चिकट सोट टाकते. म्हैस मुक्या माजावर असली तर यातलं फारसं काहीच करत नाही. एक माज हुकला की पुढच्यासाठी साधारण 21 दिवस, आणि तेवढ्या दिवसांची वैरण अंगावर. म्हणून कॉलेजात पहाटे गोठ्यात नुसतं उभं राहायची पाळी लावतात. कंटाळवाणी, पण सगळ्यांत कामाची.

लसींचं वेळापत्रक पाठ होतं: घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, लाळ-खुरकूत दर सहा महिन्यांनी. ब्रुसेल्लाची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, एकदाच. तिच्यात जिवंत जंतू असतात, सुई आपल्याच बोटात गेली तर आपण आजारी पडतो. लस दोन ते आठ अंशांत हवी. लाळ-खुरकूतची लस गोठली तर फेकूनच द्यायची.

आता आमची रेघ. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि राज्य सरकार ठरवेल ते प्राथमिक उपचार आम्ही करू शकतो, तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि सूचनेनुसार. रात्री फोन येतो: “ताई, व्यालेली गाय बसलीय, मान कुशीकडं टाकलीय. तुम्हीच कॅल्शियमची बाटली लावा की. डॉक्टरांना कुठं शोधू आता?” फोन करणाऱ्याचंही खरं असतं. रक्तातलं कॅल्शियम घटलेली गाय बाटली लागताच बघता बघता उभी राहते, म्हणून ती लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण शिरेतून कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय बंद पडतं. आणि बसलेली प्रत्येक गाय कॅल्शियमनंच बसलेली नसते. विण्यात कंबर दुखावलेली असेल, कासदाहाचं विष अंगात भिनलेलं असेल. अशा वेळी मी ताप मोजते, कास बघते, कान गार आहेत का पाहते. गाय आडवी पडली असेल तर पोट फुगू नये म्हणून तिला छातीवर बसती करून पोत्यांचा टेकू देते, आणि डॉक्टरांना हे सगळं नेमकं कळवते. ही रेघ मला योग्य वाटते. मात्र डॉक्टरांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि रेघ पाळायचा उपदेश आम्हाला करायचा, हे काही पटत नाही.

कुत्र्या-मांजरांचं आमच्या शिक्षणात फार थोडं असतं. अमेरिकेतले व्हेटरनरी टेक्निशियन दवाखान्यात भूल दिलेल्या जनावरावर लक्ष ठेवणं, एक्स-रे काढणं, दात साफ करणं शिकतात. पुण्या-मुंबईतल्या दवाखान्यांनाही असं शिकलेलं माणूस हवंच आहे. तसा अभ्यासक्रम इथं नीट उभा राहायला हवा.

मुलाला किंवा मुलीला या पदविकेला घालणार असाल तर कॉलेजची इमारत नंतर बघा. आधी गोठ्यात जा. जनावरं किती आहेत, खोडा वापरातला आहे की गंजलेला, नायट्रोजनचा कंटेनर भरलेला आहे की कोरडा, हे डोळ्यांनी पाहा. कॉलेज माफसूशी संलग्न आहे का, हे विद्यापीठाकडेच विचारा. गोठा दाखवायला टाळाटाळ झाली तर फी भरू नका.