गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका



छातीत गाठ लागली की वस्तीत दोन वाक्यं आम्ही हमखास ऐकतो. "दुखत नाही ना, मग राहू दे" आणि "मागच्या जन्मीचं असेल काहीतरी." दुसऱ्याचं उत्तर बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये देऊन ठेवलं आहे, पूर्वजन्मीच्या कर्माची ती कल्पना त्यांनी नाकारली. गाठीचं कारण पेशीत शोधायचं असतं.

एका पेशीच्या दोन होतात तेव्हा पेशी आधी सायक्लिन नावाची प्रथिनं बनवते. ती विभाजनाला पुढे ढकलतात. काम झालं की पेशी ती मोडून टाकते. टिम हंट यांना 1982 मध्ये समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याच्या अंड्यांत हे वाढणं आणि एकदम नाहीसं होणं दिसलं. मोडायच्या प्रथिनाला युबिक्विटिनची खूण चिकटते आणि प्रोटिएसोम नावाचं यंत्र त्याचे तुकडे करतं. पेशीची घंटागाडीच म्हणा. ती चार दिवस आली नाही तर गल्लीचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

स्तनाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत सायक्लिन डी-1 गरजेपेक्षा जास्त असतं. काही गाठींत सायक्लिन ई वर खूण चिकटवणारी व्यवस्थाच बिघडलेली असते. उलट पी-27 नावाचं प्रथिन विभाजनाला ब्रेक लावतं, ते अनेकदा वेळेआधीच मोडलं जातं. ठेवायचं ते फेकलं, फेकायचं ते ठेवलं! पेशी वाढत राहतात, आणि सुरुवातीला हे बहुतेकदा दुखत नाही.

रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' असेल तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्या पेशींना विभाजनाकडे ढकलत असतं, सायक्लिन डी-1 वाढवूनसुद्धा. टॅमॉक्सिफेनची गोळी ते रोखते. ती पाच वर्षं, कधी जास्तही घ्यावी लागते. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. 'केआय-67' चा आकडा किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते सांगतो.

आता तपासणीचं. 1998 पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या बायकांची दर दोन वर्षांनी छाती तपासली. मोठं मशीन नाही, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांचे हात. वीस वर्षांनी हिशोब केला तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्के कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. पण त्या वयातही गाठ लागली तर दाखवायचीच.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासणीनंतरच कळतं. गाठ, बोंडशीतून रक्त, बोंडशी आत ओढली जाणं, कातडीला खळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. एकटीला धीर होत नसेल तर आशाताईंना सोबत घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत ठेवा. उपचार लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा.