नवोदय : पाचवीतली एकच संधी

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एक ताई म्हणाली, “कोऑर्डिनेटर मॅडम, कर्जाचं रोजचंच आहे, जरा ते नवोदयाचं सांगा. माझा पोरगा चौथीत आहे.” पाठोपाठ दुसरी म्हणाली, “ती पैसेवाल्यांची शाळा ना?” तेव्हाच ठरवलं की आपल्या रेडिओवर यावर एकदा बोलायचंच.

ती पैसेवाल्यांची शाळा नाही. जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा आहे, सहावीपासून बारावीपर्यंतची. सुरुवात १९८५-८६ साली दोन शाळांनी झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज तामिळनाडू सोडून सगळ्या देशात मिळून साडेसहाशेच्या आसपास आहेत, साधारण जिल्ह्याला एक. खेड्यातल्या हुशार मुलाला शहरातल्या मुलासारखं शिक्षण मिळावं, बारावीनंतर चांगल्या कॉलेजात त्याने ताठ मानेने जावं, एवढ्यासाठी ती काढलेली आहे. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, अंथरूण-पांघरूण सगळं मोफत. नववीपासून विकास निधी म्हणून महिन्याला थोडे पैसे घेतात. तेही मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफ आहेत.

सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० जागा, त्याही अख्ख्या जिल्ह्याला मिळून. त्यातल्या निदान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि निदान एक तृतीयांश मुलींसाठी. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि दिव्यांग यांचं आरक्षण असतं. ओबीसीचा दाखला केंद्राच्या यादीप्रमाणे लागतो, तो आधीच काढून ठेवा. निकाल लागल्यावर तहसीलला धावाधाव करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

आता आपल्या बायका अडखळतात त्या जागेकडे येते. ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते, पाचवीत असताना. पुढच्या वर्षी परत बसू म्हटलं तर चालत नाही. शिवाय मूल त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असलं पाहिजे आणि कुटुंब तिथलं रहिवासी पाहिजे. ग्रामीण जागेवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण खेड्यातल्या शाळेत झालेली हवीत. त्या तीन वर्षांत शहरी भागातल्या शाळेत एक दिवस जरी शिकलं तरी मूल शहरी धरलं जातं.

आमच्याच गटातल्या एका ताईचं सांगते. थोरल्या मुलीला तिने चौथीला तालुक्याच्या गावी मामाकडे ठेवलं. तिथली शाळा चांगली, इंग्रजी चांगलं, एवढाच विचार. नगरपालिकेच्या हद्दीतली शाळा होती ती. पाचवीला पोरगी परत गावात आली. फॉर्म भरताना गुरुजींनी चौथीचा दाखला पाहिला आणि म्हणाले, हिला शहरीत धरणार. मुलगी परीक्षेला बसली, नंबर लागला नाही. ग्रामीणमधून तरी लागला असता का, ते कोण सांगणार? पण ताईच्या मनातून ते गेलं नाही. चांगलं करायला गेले आणि वाट अडवून बसले, असं ती अजून म्हणते. तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. धाकटीला मात्र तिने गावातून हलू दिलं नाही, आणि ती धाकटी आज नवोदयात सातवीला आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी हे कान देऊन ऐकावं. पाचवीचं वर्ष मुलाला कारखान्याच्या तळावर नेलं आणि तिकडच्या जिल्ह्यातल्या शाळेत नाव घातलं, तर इथला हक्क अडचणीत येतो. आजीजवळ ठेवा, नाही तर हंगामी वसतिगृहाचं काही जमतं का ते शाळेत विचारा. एक हंगाम सांभाळायचा आहे.

फॉर्म साधारण पावसाळ्यात निघतो आणि परीक्षा हिवाळ्यात होते. तारखा आणि वयाची अट दरवर्षीच्या जाहिरातीत पाहायची. फॉर्म ऑनलाइन आणि फुकट आहे. भरून देणारा सेतूवाला त्याच्या कामाचे पैसे घेईल तेवढेच. कुणी “सीट काढून देतो” म्हणून पैसे मागितले तर दारातूनच परत पाठवा.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. मराठीत देता येतो. चूक उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे पोराला घोकवून पाठवा. निम्मे गुण, म्हणजे ५०, बुद्धिमत्तेच्या आकृत्यांना असतात. वेगळी आकृती ओळखा, आरशात कशी दिसेल, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसा दिसेल. आपण मुलींना कागदाची नक्षी कापायला शिकवतोच की, तेच आहे ते. उरलेल्यात २५ गुणांचं गणित आणि २५ गुणांची भाषा. गणितात अपूर्णांक, लसावि-मसावि, नफा-तोटा. आठवडी बाजारात पोराला बरोबर न्या आणि हिशेब त्याला करू द्या. भाषेत उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात. त्यासाठी रोज घरात काही तरी वाचून घ्यायचं, मग ते या मासिकाचं पान का असेना. हजारो रुपयांचे क्लास निघालेत आता. ज्याला परवडतं त्याने लावावा, पण कर्ज काढून लावू नका, हे मी गटाची कोऑर्डिनेटर म्हणून सांगते.

आता नंबर लागला असं धरा. तिथे दिवस कसा जातो? पहाटे उठायचं, मैदानावर पीटी, मग आंघोळ, नाश्ता, प्रार्थना, वर्ग. दुपारी मेसमध्ये जेवण. संध्याकाळी खेळ, आणि रात्री शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. मुलं चार हाऊसमध्ये वाटलेली असतात. अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही त्यांची डोंगरांवरून ठेवलेली नावं. कपडे पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात किंवा कंपासपेटीत. मोबाइल नाही. दहा-अकरा वर्षांचं लेकरू आपली चादर आपण घालतं, आपलं ताट आपण धुतं.

अभ्यासक्रम सीबीएसईचा. सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेचा आधार असतो, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि समाजशास्त्र हिंदीतून. मराठी शाळेतून गेलेल्या मुलाला पहिलं वर्ष जड जातं, त्याचे गुण घसरतात. घाबरू नका, आणि घरी आल्यावर रागावू नका. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. नववीत काही मुलांना एक वर्षासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयात पाठवतात आणि तिकडची मुलं आपल्याकडे येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला होता. पण तसं वर्ष काढून आलेली एक मुलगी मला भेटली. बँकेत आमच्या गटाचं काम होतं, मॅनेजर हिंदी बोलणारा, आणि ती पोरगी आमच्या वतीने त्याच्याशी घडाघडा बोलली.

अकरावीला प्रत्येक नवोदयात सगळ्या शाखा नसतात, आपल्या जिल्ह्यात कोणत्या आहेत ते विचारून घ्या. सहावीची संधी हुकली तर नववी आणि अकरावीला रिकाम्या जागांसाठी वेगळी निवड असते. जागा थोड्या असतात, पण दार अगदी बंद नाही.

सगळीच मुलं टिकतात असं नाही. काही पहिल्याच महिन्यात रडून परत येतात. त्यांना गावात नावं ठेवू नयेत. त्या ताईची धाकटी पण पहिल्या भेटीच्या रविवारी आईचा पदर सोडत नव्हती. ताईने बेसनाचे लाडू नेले होते, त्यातला एकही तिने खाल्ला नाही. परतीच्या एसटीत ताई माझ्या शेजारी बसून रडली, म्हणाली, “उद्याच आणते तिला.” मी म्हटलं, दुसरी भेट होऊ दे, मग ठरव. दुसऱ्या भेटीला पोरीने डबा मैत्रिणींत वाटून टाकला आणि आईला विचारलं, “पुढच्या वेळी शेंगदाण्याची चटणी जास्त आणशील का? आम्ही सहाजणी आहोत.”

आमच्या गटाने आता हजेरीच्या वहीत मागचं एक पान राखून ठेवलंय. दुसरीपासून पाचवीपर्यंतच्या सगळ्या मुलांची नावं, शाळा आणि जन्मतारखा त्यावर लिहिल्यात. पावसाळा लागला की ते पान बैठकीत वाचायचं. या वर्षी त्यावर अकरा नावं आहेत, त्यातल्या सात मुली.