राष्ट्राध्यक्ष आलिया आणि गोलकीपर यास्मिन

बोस्नियात यास्मिन नावाचा दाढीवाला बाप्या भेटला तर दचकू नये. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाला गेलेल्या बोस्नियाच्या संघातल्या एका राखीव गोलकीपरचं नाव होतं यास्मिन फेझिच. आणि १९९० ते १९९६ या काळात, म्हणजे देश जन्माला येत असताना आणि जळत असताना, तिथल्या राष्ट्राध्यक्षमंडळाचं अध्यक्षपद ज्यांच्याकडे होतं ते गृहस्थ होते आलिया इझेतबेगोविच. आपल्याकडे ही दोन्ही नावं मुलींची. तिकडे ती बाप्यांची कशी झाली, याचं उत्तर आधी व्याकरणात शोधावं लागतं.

बोस्नियाची भाषा स्लाव कुळातली. तिच्यात व्यंजनावर संपणारं नाम सहसा पुल्लिंगी, आणि शेवटी ‘आ’ लागला की स्त्रीलिंगी. फारसीतून तुर्कीमार्गे आलेलं चमेलीचं नाव ‘न’वर संपत होतं, म्हणून ते मुलग्याच्या वाट्याला गेलं. मुलगी झाली तर यास्मिना. आलियाची गोष्ट वेगळी. मूळ नाव अली. पण ‘ई’वर संपणारं पुरुषाचं नाव या भाषेच्या विभक्तींना पेलेना, मग त्याला ‘या’ची शेपटी जोडली. हामदीचा हामदिया झाला, शेवकीचा शेफकिया, अलीचा आलिया. शेवटचा ‘आ’ बायकी वाटला नाही का कुणाला? नाही, कारण ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे लुका, निकोला, इलिया ही आकारान्त पुरुषनावं शतकानुशतकं नांदत होतीच.

इलिया आणि आलिया यांची तर जोडीच आहे. बोस्नियात एक म्हण आहे: दुपारपर्यंत इलिया, दुपारनंतर आलिया. २ ऑगस्टला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक संत इलियाचा सण पाळतात आणि त्याच दिवशी मुस्लिम ‘आलिजुन’ म्हणजे अलीचा दिवस साजरा करतात. सकाळी एकांचा उत्सव, दुपारी दुसऱ्यांचा. कॅथलिकांचा इलियाही तोच, फक्त त्यांच्या पंचांगात तो २० जुलैला येतो.

२०१३च्या जनगणनेनुसार या देशाची वस्ती सुमारे ३५ लाख. त्यात निम्मे बोस्नियाक, म्हणजे मुस्लिम परंपरेतले. ३१ टक्क्यांच्या आसपास ऑर्थोडॉक्स सर्ब. १५ टक्क्यांच्या वर कॅथलिक क्रोएट. तिघेही एकमेकांचं बोलणं दुभाष्याशिवाय समजतात. दिसण्यावरून कोण कोणाचा हे सांगता येत नाही. मग ओळखायचं कसं? नावावरून. एकाच पैगंबराचं नाव मुस्लिम घरात युसुफ, कॅथलिक घरात योसिप, ऑर्थोडॉक्स घरात योसिफ. तसाच कॅथलिकांचा इवान आणि सर्बांचा योवान. नावाचा अर्थ कोशात पाहावा लागतो, पण नाव ऐकल्याबरोबर समोरच्याच्या कानात घंटा वाजते ती अर्थाची नव्हे, घराण्याची. बोस्नियातल्या नावांचे अर्थ वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही, तर हातात नुसती यादी उरते.

अर्थ मात्र गमतीचे आहेत, आणि मराठी माणसाला त्यातले बरेच अर्धवट ओळखीचे वाटतात. इझेत म्हणजे आपली इज्जत. हिकमेत म्हणजे हिकमत, फक्त तिकडे तिचा अर्थ शहाणपण. आपल्याकडे हिकमती माणूस म्हटलं की जरा खिसा सांभाळावासा वाटतो. फिक्रेत म्हणजे विचार, आणि त्याच घरातली आपली फिकीर. अरबी शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले, तिकडे तुर्कीच्या. म्हणून त्यांच्या नावांना तो ‘एत’चा तुर्की ठसका. मिर्झा हे तिकडे साधं पाळण्यातलं नाव. तुझ्ला गावचा बास्केटबॉलपटू मिर्झा देलिबाशिच हा सारायेव्होच्या ‘बोस्ना’ क्लबबरोबर १९७९ साली युरोपचा विजेता झाला. त्याचं नाव आणि पुरंदरला वेढा घालणाऱ्या मिर्झाराजांचा किताब हे दोन्ही एकाच फारसी ‘अमीरजादा’चे वंशज. फुटबॉलपटू मिरालेम प्यानिचचं नाव तर उस्मानी दरबारातला हुद्दा आहे: मीर-इ-अलम, सुलतानाचा झेंडा सांभाळणारा अधिकारी. त्याचा कर्णधार एमिर स्पाहिच याच्या आडनावात आपला शिपाई आहे. आणि त्याच संघातल्या एदिन जेकोच्या नावातला एदिन म्हणजे सेयफुदिन, इझुदिन, फाहरुदिन अशा लांबलचक नावांची तोडून घेतलेली शेपटी. तिच्यात ‘दीन’, म्हणजे धर्म, अजून शिल्लक आहे.

त्याच संघात झ्व्येझ्दान मिसिमोविच होता आणि ओग्न्येन व्रान्येश होता. झ्व्येझ्दा म्हणजे तारा. ओगान्य म्हणजे आग, संस्कृत ‘अग्नी’चा सख्खा चुलतभाऊ. ही झाली तुर्कांच्या आधीची, मूळ स्लाव नावांची जात. अशी नावं सरळ अर्थाची असतात. द्रागान म्हणजे लाडका, स्लोबोदान म्हणजे मोकळा, म्लादेन म्हणजे तरुण, रादोवान म्हणजे आनंदी. नेनाद म्हणजे ज्याची आशा सोडली होती तो. बापाने मुलाच्या नावातच घरची हकिगत सांगून टाकलेली. (मुस्लिम घरातला सेनाद हा नेनादचा भाऊ वाटतो, पण तो नव्हे, त्याचं नातं अरबी ‘सनद’शी सांगतात.)

मध्ययुगीन बोस्नियाचा राज्यकर्ता बान कुलिन याने २९ ऑगस्ट ११८९ रोजी दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांना मोकळीक देणारी सनद लिहून दिली. तिथे ही सनद देशाचा जन्मदाखला म्हणून मिरवली जाते. ती लिहिणाऱ्या कारकुनाने खाली स्वतःचं नावही टाकलं आहे: रादोये. पुढे १३७७ मध्ये त्वर्त्को राजा झाला. त्वर्द म्हणजे कठीण, टणक. हे नाव आजही ठेवतात. डोंगरउतारांवर विखुरलेल्या स्तेचाक नावाच्या प्रचंड थडग्यांवरही अशीच स्लाव नावं कोरलेली सापडतात, आणि त्यांत लांडगे पुष्कळ.

लांडगा म्हणजे वुक. हर्झेगोविना या प्रदेशाला ज्याच्या ‘हेर्त्सेग’ या किताबावरून नाव मिळालं तो सरदार स्त्येपान वुकचिच, म्हणजे नावातच लांडग्याचं पिल्लू. पोराचं नाव लांडगा का ठेवायचं? शेजारच्या सर्बियातला कोशकार वुक काराजिच १७८७ मध्ये जन्मला तेव्हा त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. चेटकिणी पोरं खातात, पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, या समजुतीने त्याचं नाव वुक ठेवलं. ज्यांच्या घराण्यात एखादा धोंडू, दगडू किंवा केरबा होऊन गेला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपण पोराला कुचकामी ठरवून वाचवलं, त्यांनी हिंस्र ठरवून. पुढे तुर्की आली तरी लांडगा गेला नाही. तुर्कीत लांडग्याला म्हणतात कुर्त. त्यामुळे वुकोविच आणि कुर्तोविच ही दोन आडनावं वरवर दोन धर्मांची, पण आत एकच जनावर. लोखंडाचंही तसंच: सर्बांचा ग्वोझ्देन, तुर्की वळणाचा देमिर.

१४६३ मध्ये उस्मानी सत्ता आली आणि नावं बदलू लागली. ती कशी बदलली याचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे द्रिना नदीवरचा विशेग्रादचा पूल. तो बांधवून घेणारा वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच हा जवळच्याच सोकोलोविची गावचा ऑर्थोडॉक्स मुलगा, जन्मनाव बायित्सा. मुलांच्या रूपाने घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या करात त्याला इस्तंबूलला नेलं, तिथे तो मेहमेद झाला आणि पुढे साम्राज्याचा वजीर-ए-आझम. १५५७ मध्ये पेच इथलं सर्ब धर्मपीठ पुन्हा सुरू झालं तेव्हा त्या गादीवर बसला तो याच्याच नात्यातला माकारिये सोकोलोविच. आडनाव एकच, सोकोल म्हणजे बहिरी ससाणा. एक पाशा, एक धर्मगुरू. या पुलावरची कादंबरी इवो आंद्रिच यांनी लिहिली आणि १९६१चं नोबेल त्यांना मिळालं.

इवो हे घरगुती नाव. खरं नाव इवान. आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आवडती गोष्ट सांगायची आहे. पाळण्यातली नावं तीन धर्मांची, पण हाक मारायची तऱ्हा एकच. नावाचा पुढचा तुकडा घ्यायचा आणि ‘ओ’ लावायचा. मेहमेदचा मेहो, इब्राहिमचा इब्रो, हासनचा हासो, अब्दुल्लाचा आव्दो. पेतारचा पेरो, योवानचा योवो, योसिपचा योझो. अरबी असो, हिब्रू असो की ग्रीक, बोस्नियातल्या आईच्या तोंडी सगळे एकाच साच्यातून बाहेर पडतात. मुस्ताफाचा होतो मुयो. मुयो ह्र्न्यित्सा हा वीरगाथांमधला पहिलवान, आणि नुसता मुयो हा विनोदांतला. मुयो, त्याचा दोस्त सुल्यो किंवा हासो, आणि बायको फाता, म्हणजे फातिमा. हे विनोद सर्ब आणि क्रोएटही चवीने सांगतात. नव्वदच्या दशकातल्या युद्धात राजधानी सारायेव्होला पडलेल्या वेढ्यातला एक प्रसिद्ध आहे. गोळीबार चालू असताना मुयो अंगणात झोपाळ्यावर बसून मोठमोठे झोके घेतोय. सुल्यो ओरडतो, ‘अरे, काय करतोस?’ मुयो म्हणतो, ‘स्नायपरची मस्करी.’

त्या वेढ्याआधी, युगोस्लाव्हियाच्या काळात, शहरांतल्या पुष्कळ आईबापांनी घंटा वाजणारच नाही अशी नावं शोधली होती. मिश्र लग्नं होत होती, कम्युनिस्ट राजवटीत धर्म घरात ठेवायची रीत होती. मग दामिर, झ्लातान, गोरान, देनिस, आलेन अशा नावांची चलती झाली. गोरानमध्ये ‘गोरा’ म्हणजे डोंगर किंवा रान आहे, आणि फोचाजवळ १९४३ मध्ये मारला गेलेला कवी इवान गोरान कोवाचिच याच्यामुळे ते नाव अधिक घरांत गेलं. ‘बियेलो दुग्मे’ या रॉक बँडचा गोरान ब्रेगोविच सारायेव्होचा, वडील क्रोएट, आई सर्ब. नाव नेमकं मधलं. एल्विससुद्धा बोस्नियात सापडतात. सारायेव्होच्या एका गायकाने तर ‘एल्विस जे. कुर्तोविच’ असं टोपणनावच घेतलं. अमेरिकन नाव, तुर्की लांडगा, स्लाव शेपटी. त्याचं खरं नाव मिर्को स्र्दिच.

१९९२ ते १९९५ च्या युद्धात ही सोय कामाला आली नाही. नाक्यावर ओळखपत्र मागितलं जाई, आणि असं धर्म न सांगणारं नाव असलेल्या माणसाच्या बापाचं नाव विचारलं जाई. बोस्नियातल्या सरकारी कागदांवर नाव आणि आडनाव यांच्यामध्ये कंसात बापाचं नाव लिहायची पद्धत आहे. झ्लातान असला तरी कंसात इब्राहिम असे. स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये मारल्या गेलेल्या बोस्नियाक पुरुषांची आणि मुलांची नावं पोतोचारीच्या स्मारकात दगडावर कोरली आहेत, तीही बापाच्या नावासकट. तिथल्या शिळेवरचा आकडा ८३७२.

तरीही नावावरून बाजू सांगता येत होतीच असं नाही. सारायेव्होचं रक्षण करणाऱ्या सैन्यात योवान दिव्याक नावाचे सर्ब जनरल होते, आणि आपल्या शहरावर तोफा डागणाऱ्या सर्बांच्या विरोधात ते शेवटपर्यंत उभे राहिले. उलट टोकाला चित्रपट दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा. सारायेव्होच्या मुस्लिम घरात जन्मलेल्या या माणसाने २००५ मध्ये ऑर्थोडॉक्स दीक्षा घेतली आणि नाव घेतलं नेमान्या, मध्ययुगीन सर्ब राजघराण्याच्या संस्थापकाचं. चित्रपटांच्या पाट्यांवर मात्र तो एमिरच राहिला. ब्रँड बदलायला कुणाला परवडतं?

युद्धानंतर नावं पुन्हा आपापल्या गोटात परतली. बोस्नियाक घरांत हामझा, आहमेद, तारिक, आमार. सर्बांकडे स्तेफान आणि जुना वुक. लुका हा तेवढा सर्ब-क्रोएट दोघांकडेही चालतो. परदेशी गेलेल्यांचा हिशेब वेगळा. व्हिएन्ना किंवा सेंट लुईसमधल्या शिक्षिकेच्या जिभेला वळेल, अक्षरांवरच्या टोप्या काढल्या तरी बिघडणार नाही आणि आजीलाही परकं वाटणार नाही, असं काहीतरी हवं असतं. म्हणून दिनो, आदी, आदिन.

बियेलिना गावातून स्वीडनला गेलेल्या शेफिक इब्राहिमोविचला मात्र १९८१ मध्ये मुलाचं नाव जुन्याच धर्तीवर ठेवावंसं वाटलं: झ्लातान, झ्लातो म्हणजे सोनं. मुलाची आई क्रोएट होती, तेव्हा नाव दोन्हीकडे खपण्यासारखं होतं. तो मुलगा पुढे नामांकित फुटबॉलपटू झाला, आणि २०१२ मध्ये स्वीडनच्या भाषा परिषदेने त्याच्या नावावरून बनलेलं, वर्षातल्या नव्या शब्दांच्या यादीत ‘झ्लातानेरा’ हे क्रियापद घेतलं. त्याचा अर्थ: पूर्ण जोर लावून समोरच्याचा फडशा पाडणे.