भिंत त्याची, निवड कोणाची?

चोपड्याहून यावलकडे येणाऱ्या रस्त्यावर किनगाव, साकळी ही गावे लागतात. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्ये केळी-कापसाचा सुपीक पट्टा. पावसाळ्याच्या तोंडावर या वाटेने जाणाऱ्याच्या नजरेत एक गोष्ट भरल्यावाचून राहत नाही, ती म्हणजे रस्त्याकडेच्या भिंती. एकीवर कपाशीचे वाण, दुसरीवर सिमेंट, तिसरीवर खत. घरमालकाच्या पदरी मोबदला म्हणून बहुधा पडतो तो भिंतीला मिळालेला फुकटचा रंग. त्याबद्दल त्याची तक्रार नसते. भिंत त्याची आहे. ती कोणास द्यावी हे त्याने ठरवावे. येथवर व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न सरळ दिसतो. परंतु तोच गृहस्थ जून महिन्यात कृषी केंद्रापुढे रांगेत उभा राहून भिंतीवर वाचलेले नेमके तेच नाव मागतो आणि ते न मिळाल्यास हवालदिल होतो, तेव्हा हा प्रश्न सरळ राहत नाही.

जाहिरातीच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो, त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. जाहिरात कोणावर सक्ती करीत नाही. ती माल पुढे ठेवते. घ्यावयाचा की नाही हे ग्राहक ठरवितो. ज्या समाजात सरकारच एकमेव विक्रेता असते, तेथे जाहिरातीची गरज नसते आणि निवडीलाही वाव नसतो. परमिट आणि रेशनच्या काळाचा अनुभव असलेल्या पिढीस हे पटवून देण्याची आवश्यकता नाही. तथापि निवडीला वाव असणे आणि निवड करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दहा नावांतून एकावर बोट ठेवणे ही हाताची क्रिया झाली. ते बोट कोणत्या ज्ञानाच्या आधारे ठेवले, हा स्वातंत्र्याचा खरा प्रश्न होय.

कपाशीचेच उदाहरण पाहावे. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली मान्यता मिळाली आणि दोन जनुके असलेले पुढचे तंत्र २००६ साली आले. आज बाजारात शेकड्यांनी संकरित वाणे आहेत. प्रत्येकाचे नाव निराळे, पाकिटाचा रंग निराळा. परंतु त्यांतील बहुतेकांतील किडीविरुद्धचे तंत्र एकच आहे, आणि केंद्राच्या २०१५ च्या आदेशानंतर बियाण्याची कमाल किंमतही सरकारच ठरविते. वाणावाणांत फरक मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पिकाचा कालावधी, बोंडाचा आकार, कोरडवाहू जमिनीत तग धरण्याची शक्ती यांत फरक असतो आणि शेतकऱ्यास तोच समजावयास हवा. भिंतीवर मात्र नेमका तोच लिहिलेला नसतो. तेथे असते एक नाव, एक भरघोस बोंड आणि समृद्धीचे एक मोघम आश्वासन.

याचा परिणाम दर हंगामास दिसतो. एखाद्या नावाचा बोलबाला होतो, त्याचा तुटवडा पडतो आणि ठरलेल्या किमतीहून अधिक दराने ते मागल्या दाराने विकले जाते. विशिष्ट वाणाचाच आग्रह धरू नये, असे आवाहन कृषी खात्याला पुनःपुन्हा करावे लागते. ते आवाहन शहाणपणाचे आहे, पण भिंतीवरच्या फूटभर अक्षरांपुढे ते टिकत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशीचे अतोनात नुकसान केले, तेव्हा भिन्न नावांची पाकिटे पेरणारे शेजारी सारखेच नागवले गेले. नाव निवडण्याचे त्यांचे स्वातंत्र्य अबाधित होते. ते त्यांच्या उपयोगी पडले नाही, एवढेच.

न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. औषधांच्या भुलविणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ साली झाला. हमदर्द दवाखान्याच्या प्रकरणात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशी जाहिरात हा व्यापाराचा भाग आहे, विचारस्वातंत्र्याचा नव्हे. पुढे १९९५ साली टाटा प्रेस प्रकरणात त्याच न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. या दुसऱ्या निर्णयाचा आधार लक्षात घेण्याजोगा आहे. विक्रेत्याला बोलण्याचा हक्क आहे एवढ्यावरच न्यायालय थांबले नाही. ती माहिती मिळविण्याचा लोकांना हक्क आहे, असेही त्याने म्हटले. म्हणजे जाहिरातीला मिळालेली प्रतिष्ठा मोठ्या अंशी ऐकणाऱ्याच्या नावावर जमा आहे. मग ज्या जाहिरातीत माहितीच नाही, तिने ही प्रतिष्ठा कोणत्या तोंडाने मागावी?

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. हा लेख ज्या कागदावर छापला आहे, त्याचा बराचसा खर्च जाहिरातीच भागवितात. वृत्तपत्राची पृष्ठे, किंमत आणि जाहिरातींची जागा सरकारने ठरवून देण्याचा प्रयत्न १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश यांनी केला होता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्यास आव्हान दिले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हाणून पाडला. मराठी वृत्तसृष्टीस त्या निकालाचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. तेव्हा सरकारने जाहिरातींवर सरसकट बंदी घालावी, असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही.

यावल तालुक्यातच फैजपूर आहे. काँग्रेसचे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये तेथे झाले. अध्यक्ष पंडित नेहरू होते. नंदलाल बोस यांनी तेथील नगर गावच्या बांबूंनी आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी सजविले होते. शेतसारा आणि कर्ज यांच्या ओझ्यातून शेतकऱ्यास सोडविण्याचा कार्यक्रम तेथे संमत झाला. तुरुंगातून नुकतेच सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय त्या अधिवेशनास उपस्थित होते. पुढे याच रॉय यांनी पक्षीय राजकारण मागे टाकून, विवेकाने निर्णय घेणारी व्यक्ती हाच समाजाच्या प्रगतीचा मापदंड होय, असा विचार मांडला. ज्या मातीत सारा आणि सावकार यांच्यापासून मुक्ती मागितली गेली, तेथे आज शेतकऱ्यावर कोणी जुलूम करीत नाही. त्याची मनधरणी केली जाते. मनधरणीचा प्रतिकार करणे जुलमाच्या प्रतिकाराहून अवघड असते, कारण तिच्यात शत्रू दिसत नाही.

आता तर भिंतीचीही गरज उरलेली नाही. जाहिरात हातातल्या मोबाइलवर येते, आणि ती ज्याच्या त्याच्या आवडीनिवडी हेरून येते. भिंतीचा एक गुण होता. ती सर्वांस दिसत असे. तिच्यावरील दाव्याची पारावर टर उडविली जाई, मागल्या वर्षी त्या वाणाने कोणास बुडविले हे कोणीतरी सांगत असे. मोबाइलवर एकास काय दाखविले हे शेजाऱ्यास ठाऊक नसते. म्हणजे पारावरची ती उलटतपासणीही बंद झाली.

फसलेल्या शेतकऱ्यास दाद मागता येते, हे खरे. बियाणे घेणारा शेतकरी हाही ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. परंतु आयोगापुढे तारीख लागते तोवर हंगाम उलटून गेलेला असतो आणि कर्जाचा हप्ता तारखेची वाट पाहत नाही.

दाद मागण्याची पाळी येण्यापूर्वीच करता येण्याजोगे काही आहे. कोणते वाण किती दिवसांचे, ते कोरडवाहूसाठी की बागायतीसाठी, गेल्या हंगामात याच तालुक्यात एकरी किती उतरले, एवढी चार ओळींची माहिती कृषी खाते व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मेअखेरीस गावोगाव पोहोचवावी. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची एक भिंत त्यासाठी राखून ठेवावयास फारसा खर्च नाही. रंगारी तर गावात आलेलाच असतो.