डोळ्याच्या पडद्यावरील जुनी थकबाकी

वाशीच्या घाऊक बाजारात धान्याचा वा मसाल्याचा नमुना तळहातावर घेऊन पारखला जातो, तो दोन्ही डोळे उघडे ठेवून. त्यामुळे एका डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, खालच्या बाजूने सावकाश सुटू लागला तरी व्यापाऱ्याच्या ते ध्यानी येत नाही. वेदना नसते, उणीव दुसरा डोळा भरून काढतो. मग ‘सीझन आटोपू द्या’ म्हणत महिने जातात.

वयोमानाने डोळ्यातील पारदर्शक द्रव आकसतो आणि कधी पडद्याला ओढून छिद्र पाडतो. त्यातून पाणी मागे शिरते व पडदा आपल्या पोषक थरापासून विलग होतो. मोठा चष्म्याचा नंबर, डोळ्याला झालेला मार, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया यांनी हा धोका वाढतो. बँकेत नव्वद दिवस थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते. येथेही साधारण तीन महिन्यांनी सुटलेल्या भागाच्या कडेला रंगद्रव्याची रेघ उमटते. दुखणे आणखी रेंगाळले की उपाशी पडद्याच्या थरांतच पाणी साचून पोकळ्या होतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि फुग्यासारखी पुटी तयार होते. तिलाच डॉक्टर सिस्ट म्हणतात.

‘डोळ्यात गाठ’ हे शब्द ऐकून घर हादरते. ही पुटी क्वचित अर्बुदासारखी भासते खरी. सोनोग्राफीने तो संशय फिटू शकतो. पण पुटी हा मूळ रोग नव्हे, ती विलंबाची नोंद आहे. तिला बहुधा वेगळे फोडावे लागत नाही. छिद्र बंद होऊन पडदा जागी बसला की ती आपोआप ओसरते. छिद्र हेच मूळ कारण, हे स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी 1920च्या दशकात पटवून दिले. त्यापूर्वी हा आजार जवळजवळ असाध्य मानला जाई.

पुटी ओसरते, पण उपाशी राहिलेल्या पेशींची दृष्टी पूर्ण परतेलच असे नाही. म्हणून डोळ्यासमोर अचानक चमका, काळे ठिपके वा पडद्यासारखी सावली आली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दुकानातील दिनदर्शिकेकडे एकेक डोळा झाकून पाहण्यास मिनिटही लागत नाही. शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असल्यास तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. खरेदीचे दौरे तेवढे पुढे ढकलावेत.